मुंबईच्या कलामंदिरांत आईची जागा

माननीय आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका, यांस

आपल्या कचेरीत दररोज जे टपाल येते त्यात पाणी, रस्ते, गटारे आणि अनधिकृत बांधकामे यांविषयीच्या अर्जांचा भरणा असतो, आणि ते योग्यच आहे. कारण ज्या नगरीत माणूस राहतो तिच्याकडून त्याने प्रथम आरोग्याची आणि सुरक्षिततेचीच अपेक्षा करावी. परंतु त्याच नगरीकडे आनंदाचीही मागणी करता येते, आणि त्या आनंदाची साधने ज्या संस्थेच्या मालकीची आहेत तिच्यापुढे त्याविषयीचे मनोगत उघडपणे मांडता येते, या विश्वासाने मी हे पत्र लिहीत आहे. मी मुलुंडला राहते, फोर्टातील एका कचेरीत नोकरी करते आणि दोन मुलांची आई आहे. सुटीच्या दिवशी मुलांना, आणि पुष्कळदा माझ्या सासूबाईंनाही, बरोबर घेऊन या शहरातील संग्रहालये, कलादालने, नाट्यगृहे आणि बागा पाहत हिंडणे हे माझ्या आयुष्यातील एक मोठे सुख आहे. त्या सुखाबद्दल कृतज्ञता व्यक्त करावी, आणि माझ्यासारख्या असंख्य स्त्रियांना ते सुलभ व्हावे म्हणून काही मागणे मागावे, असा या पत्राचा दुहेरी हेतू आहे.

कृतज्ञतेचा आरंभ भायखळ्यापासून करणे उचित होईल. राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांना खुले झाले तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांचे नाव होते. परंतु नाव राजघराण्याचे असले तरी त्याच्या उभारणीला नाना शंकरशेट, जमशेटजी जिजीभाई, डेव्हिड ससून यांच्यासारख्या नगरशेटांच्या औदार्याचा मोठा आधार होता. ज्या विद्वान डॉक्टराने आपला वैद्यकीचा व्यवसाय आणि प्राचीन लेखांचा व्यासंग सांभाळून या संग्रहालयाच्या समितीचे काम अंगावर घेतले, त्याचे नाव १९७५ साली या वास्तूला देण्यात आले, आणि पुढे तिचा जो जीर्णोद्धार झाला त्याचा युनेस्कोने २००५ साली गौरव केला. आत पाऊल टाकताच ओतीव लोखंडाचे खांब आणि सोनेरी वर्खाची नक्षी यांनी डोळे दिपतात हे खरे. पण आमचे कुटुंब रेंगाळते ते त्या वैभवापाशी नव्हे, तर काचेच्या कपाटांतील मातीच्या लहान लहान प्रतिमांपाशी. एकेकाळच्या मुंबईतील निरनिराळ्या ज्ञातींची आणि व्यवसायांची माणसे तेथे वीतभर उंचीत उभी आहेत, आणि नुसती शिरोभूषणे पाहू म्हटले तरी ब्राह्मणी, मराठेशाही, पारशी, भाटिया अशा पगड्यांचे आणि पागोट्यांचे इतके प्रकार दृष्टीस पडतात की एका डोक्यावर किती परींनी कापड गुंडाळता येते याचे मुलांना नवल वाटत राहते. माझ्या सासूबाई तेथे थांबल्या म्हणजे त्यांच्या आजोबांची पगडी पगडबंदाकडून कशी बांधून येत असे, ती लाकडी खोक्यात कशी जपून ठेवीत आणि लग्नकार्याखेरीज तिला कोणी हात लावला तर घरात केवढा गहजब होई, हे सांगू लागतात. आणि माझ्या मुलीला आपल्या पणजीच्याही वडिलांची ओळख एका अनामिक मूर्तिकाराच्या बोटांमुळे होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या मातीने आमच्या घरातील चार पिढ्या एकत्र आणल्या आहेत, हे ऋण मी कसे विसरावे?

याच संग्रहालयाच्या अंगणात एक पाषाणाचा हत्ती उभा आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. त्याला विलायतेस नेण्याच्या खटपटीत यारी मोडून तो कोसळला आणि दुभंगला. १८६४ साली त्याचे तुकडे मुंबईस आणण्यात आले, आणि पुष्कळ वर्षांनी, १९१४ साली, ते सांधून हा हत्ती पुन्हा उभा केला गेला. जवळ जाऊन पाहिले तर सांधे आजही दिसतात. जवळच सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा आहे, आणि ज्या काळ्या घोड्याने फोर्टातील एका चौकाला नाव दिले तो घोडा १९६५ पासून येथे भायखळ्यात आहे, हे कळल्यावर माझ्या मुलाने जो आनंद व्यक्त केला तो एखादा गुप्त दस्तऐवज हाती लागलेल्या इतिहाससंशोधकाला शोभला असता. एक वस्तू दुसऱ्या स्थळाची वाट दाखविते, आणि मुंबईत हिंडण्याची गोडी या अशा वाटांमुळेच लागते: हत्ती पाहिल्यावर घारापुरीला जावे लागले, आणि घोडा पाहिल्यावर काळ्या घोड्याच्या चौकातील जहांगीर कलादालनात.

घारापुरी आपल्या अधिकारकक्षेत येत नाही याची मला जाणीव आहे. तरीही तेथे जे घडले ते सांगितल्यावाचून माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही. अपोलो बंदरावरून लाँच निघते, तासाभराने धक्क्याला लागते, आणि दुकानांच्या रांगांतून पायऱ्या चढून आपण लेण्याच्या मुखाशी येतो. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर प्रथम काही दिसत नाही. मग डोळ्यांना अंधाराची सवय होत जाते आणि मागच्या भिंतीतून सुमारे १८ फूट उंचीची महेशमूर्ती हळूहळू प्रकट होते. मध्ये मिटल्या नेत्रांचे शांत मुख, आपल्या डाव्या हाताला मिशा असलेले उग्र मुख, आणि उजव्या हाताला स्त्रीसुलभ सौम्यतेने नटलेले तिसरे. त्या दिवशी मी मुलांना काही समजावून सांगितले नाही, प्रश्न विचारले नाहीत, छायाचित्रासाठी उभे केले नाही; मी केवळ माझ्यासाठी, मला पाहायचे होते म्हणून, त्या मूर्तीसमोर उभी राहिले. आई काही बोलत नाही असे पाहून मुले खाली बसली आणि तीही पाहू लागली. आणि पुष्कळ वेळाने माझ्या मुलाने, त्या सौम्य मुखाशी असलेल्या हातात कमळ आहे, हे मला दाखविले. ते कमळ माझ्या नजरेतून निसटले होते. मुलांना कलेकडे पाहण्यास शिकविण्याचे जे अनेक उपाय आपण योजतो त्या सर्वांहून, आपली आई तन्मय होऊन पाहत आहे हे दृश्य अधिक परिणामकारक आहे, अशी माझी तेव्हापासून ठाम समजूत झाली आहे.

आयुक्तसाहेब, या पत्रातील माझा मुख्य मुद्दा हाच आहे. आपल्या सार्वजनिक संस्था आईकडे मुलांना घेऊन येणारी व्यक्ती म्हणून पाहतात. कलेचा आस्वाद घेण्यासाठी आलेली व्यक्ती म्हणून तिचा विचार होताना दिसत नाही. चित्रकलेच्या कार्यशाळा मुलांसाठी असतात, तज्ज्ञांची व्याख्याने ज्यांना संध्याकाळ मोकळी आहे अशा प्रौढांसाठी असतात, आणि या दोहोंच्या मध्ये पाण्याच्या बाटल्या, दप्तरे आणि डबे सांभाळीत जिन्यावर बसलेली जी स्त्री असते तिच्यासाठी काहीही योजलेले नसते. ती त्याविषयी तक्रारही करीत नाही. मुलांना मिळाले म्हणजे आपल्याला मिळाले, असे म्हणण्याची सवय तिला पिढ्यानपिढ्या लागलेली आहे. एके काळी आपल्या नाटकगृहांत स्त्रियांची बसण्याची जागा निराळी असे, आणि कुलीन स्त्रीने गाण्याच्या बैठकीला जावे की नाही यावर वाद होत. त्या काळात हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिकेने तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि गाणारणीला व ऐकणारणीला सारखीच प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या पूर्वसूरींनी दार उघडून ठेवले आहे. आता त्या दारातून आत येणाऱ्या स्त्रीच्या कडेवर मूल असू शकते, एवढेच ध्यानात घेण्याचे राहिले आहे.

ज्यांनी हे ध्यानात घेतले त्यांनी या शहरात केवढे कार्य करून ठेवले याचे प्रमाण मराठी बालरंगभूमीत आहे. १९५९ साली सुधा करमरकरांनी बालरंगभूमीची प्रतिष्ठापना केली, तिचे पहिले नाटक ‘मधुमंजिरी’ रत्नाकर मतकरींनी लिहिले, आणि पुढे मतकरींनी स्वतःच्या संस्थेच्या द्वारे या क्षेत्रात आयुष्यभर काम केले. सुलभा देशपांडे यांच्या चंद्रशाळेने १९८२ साली ‘दुर्गा झाली गौरी’ सादर केले, आणि त्यात वावरलेल्या मुलांपैकी कित्येक आज रंगभूमीवर मान्यता पावलेले आहेत. या मंडळींनी मुलांसाठी म्हणून नाटक कधी स्वस्त होऊ दिले नाही. नेपथ्य, नृत्य, संगीत, प्रकाशयोजना यांत मोठ्यांच्या नाटकाइतकीच निष्ठा त्यांनी बाळगली, आणि त्यामुळे मुलाशेजारी बसलेल्या आईलाही ते तिचे स्वतःचे नाटक वाटले. ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकिणीला भिऊन मुले आईच्या पदराआड दडतात आणि त्याच क्षणी आई मोकळेपणाने हसत असते, तेव्हा एका तिकिटात दोन वयांची करमणूक होत नसते, तर दोन वये एका रसात न्हात असतात. तिसरी घंटा, पडद्यामागची कुजबुज, मध्यंतरातील बटाटेवड्याचा दरवळ आणि घरी परतताना लोकलच्या बायकांच्या डब्यात मुलांनी केलेल्या नकला, या सर्वांची मिळून जी स्मृती होते ती मराठी घराच्या संस्काराचा एक भाग आहे.

आता जे सलते ते सांगते. माझा मुलगा तान्हा असताना एका नाट्यगृहात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, मी, माझे यजमान आणि सासूबाई एका संगीत नाटकाला गेलो होतो. पहिल्या अंकात बाळाने जरा कुरकूर करताच दारावरच्या माणसाने मला बाहेर येण्याची खूण केली. त्याचा काही दोष नव्हता. इतर प्रेक्षकांना निर्वेधपणे नाटक ऐकता यावे ही त्याची जबाबदारी होती आणि ती त्याने सौजन्याने पार पाडली. परंतु बाहेर आल्यावर बसण्यास एक बाक नव्हता, बाळाला अंगावर पाजण्यास आडोसा नव्हता, आणि आतील पदांचे तुटक स्वर बंद दारातून ऐकत मी उरलेले नाटक जिन्याच्या पायरीवर काढले. काही जुन्या नाट्यगृहांत मागील बाजूस काचेआडची एक खोली असते, तेथे बसून रडत्या मुलाच्या आईला रंगमंच दिसतो आणि ध्वनिक्षेपकातून संवादही ऐकू येतात. ज्या कोणी स्थापत्यविशारदाने ही तजवीज प्रथम केली त्याच्या डोळ्यांपुढे आई ही प्रेक्षक म्हणून उभी होती, यात शंका नाही. राज्य परिवहन महामंडळाने आपल्या स्थानकांवर हिरकणी कक्ष उघडले. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या मातेचे नाव ज्या महाराष्ट्राने कक्षाला दिले, त्याच महाराष्ट्राच्या राजधानीतील नाट्यगृहांत आणि संग्रहालयांत तसा कक्ष सर्वत्र असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरी अडचण वेळेची. संग्रहालये सायंकाळी सहाच्या सुमारास बंद होतात, आणि नोकरी करणारी स्त्री त्याच सुमारास कचेरीतून बाहेर पडते. याच्या उलट जहांगीर कलादालन, जे १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले आणि जेथे आजही प्रवेशमूल्य नाही, ते सातपर्यंत खुले असते. आणि त्या तासाभराच्या आधिक्यामुळेच मला कामाच्या दिवशीही कधी तेथे डोकावता येते. पुष्कळदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांजवळ बसलेला असतो, आणि एखाद्या रंगछटेविषयी विचारले तर उठून कॅनव्हासपाशी येऊन समजावून सांगतो. एका तासाने एवढे साधत असेल तर आणखी दोन तासांनी किती साधेल! राहिला रविवार, पण रविवार म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक, आणि मुले, म्हातारी माणसे, डबे यांसह गाडी बदलीत भायखळा गाठणे हे पुष्कळ घरांना नकोसे होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची ही की पालिकेच्या संग्रहालयात महिन्यातून निदान एकदा, मुले एका दालनात शिक्षकाच्या देखरेखीखाली चित्रे काढीत असताना, त्यांच्या आयांसाठी शेजारच्या दालनात मराठीतून जाणकाराचे विवेचन व्हावे; मुलांना आणि आईला एकाच वेळी, परंतु प्रत्येकाच्या योग्यतेनुसार, काही मिळावे. दुसरी, आठवड्यातील एक दिवस संग्रहालय रात्री नऊपर्यंत खुले ठेवावे. तिसरी, पालिकेच्या प्रत्येक नाट्यगृहात स्तनदा मातेसाठी स्वच्छ कक्ष असावा, जेथे शक्य आहे तेथे काचेआडची बैठक असावी, आणि ज्या ठिकाणी अशी खोली आहे पण तिचा उपयोग अडगळीसाठी होतो तेथे ती मोकळी करण्याचा हुकूम निघावा. चौथी, विलेपार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे आणि आमच्या मुलुंडचे कालिदास या पालिकेच्या नाट्यगृहांत महिन्यातील एका रविवारची सकाळ बालनाट्यासाठी सवलतीच्या भाड्याने राखून ठेवावी, म्हणजे मे महिना आणि दिवाळी यांची वाट न पाहता बालनाट्य वर्षभर जगेल. पाचवी, रविवारी भायखळा स्थानक, राणीची बाग आणि काळा घोडा यांना जोडणारी बेस्टची एक फेरी ठरावीक अंतराने सुरू करावी. आणि सहावी, जी लिहिताना क्षुल्लक वाटते पण सासूबाईंना बरोबर नेणाऱ्या सुनेला तिचे मोल ठाऊक आहे, ती ही की दालनांत वस्तूंसमोर बसण्यास बाके असावीत. जे बसून पाहता येते ते अधिक वेळ पाहिले जाते.

यावर असे म्हटले जाईल की ज्या शहरात अजून पाणी आणि निवारा यांची वानवा आहे तेथे कलेचे लाड कशाला. या आक्षेपाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. विहार तलावाचे पाणी शहरास मिळू लागले ते १८६० मध्ये, आणि भायखळ्याच्या संग्रहालयाची पायाभरणी व राणीच्या बागेचे उद्घाटन ही दोन्ही १८६२ मध्ये झाली. म्हणजे ज्या पिढीने या नगरीची तहान भागविण्याची चिंता वाहिली तिनेच तिच्या डोळ्यांना काही पाहावयास मिळावे याचीही तरतूद केली. आपण ज्या पदावर आहात त्या आयुक्तपदावर १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड प्रथम आले, आणि त्यांच्या कारकिर्दीत जी मंडई बांधली गेली, आज जिला महात्मा फुल्यांचे नाव आहे, तिच्या दारांवर कोरीव शिल्पपट्ट आहेत. त्यांची योजना लॉकवुड किपलिंग या कलाशिक्षकाची. शेतात राबणारी माणसे त्या पट्टांत कोरली आहेत. भाजीच्या मंडईला शिल्प कशासाठी, असे त्या वेळच्या हिशेबनिसाने म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते. पण दीडशे वर्षे जी स्त्री पिशवी घेऊन त्या दाराखालून गेली, तिच्यासाठी कोणीतरी उत्तम कारागिरी मस्तकावर ठेवून दिली होती, ही गोष्ट त्या हिशेबात मावणारी नाही. शिवाय मी जे मागते त्यास नव्या इमारती लागत नाहीत. दालने आहेत, नाट्यगृहे आहेत, बसगाड्या आहेत, बागेत दुर्मिळ वृक्ष आहेत. लागतात ती काही बाके, काही तास, एक-दोन शिक्षक, आणि वेळापत्रक आखताना आईला डोळ्यांपुढे ठेवण्याचा शिरस्ता.

याच राणीच्या बागेतील गोरखचिंचेखाली माझी मुले कितीदा तरी खेळली आहेत. बुंधा कवेत घेण्यासाठी ती हात धरून कडे करतात, ते पुरत नाही, मग अनोळखी कुटुंबातील मुलांना बोलावून घेतात, आणि हात जोडले जाता जाता त्यांच्या आयाही एकमेकींशी बोलू लागतात. त्यांत गोवंडीच्या असतात, डोंगरीच्या असतात, लालबागच्या असतात. काहींनी शेजारचे संग्रहालय अजून आतून पाहिलेले नसते. ‘आत काय आहे?’ असे त्यांच्यापैकी एकीने मला विचारले तेव्हा मी तिला पगड्यांच्या कपाटाविषयी सांगितले, आणि ती म्हणाली, ‘पोरांना शाळेतून नेतील कधीतरी.’ स्वतः जाण्याचा विचार तिच्या मनात आला नाही. ती जागा तिच्यासाठी आहे असे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते, आणि ते सांगण्याचा अधिकार व कर्तव्य ही दोन्ही, आयुक्तसाहेब, आपल्याकडे आहेत.

यासाठी वरील सहा मागण्यांपैकी निदान पहिलीला येत्या दिवाळीच्या सुटीत प्रायोगिक स्वरूपाची मंजुरी द्यावी, त्याचा जाहीरनामा पालिकेच्या शाळांतून, प्रसूतिगृहांतून आणि आरोग्य केंद्रांतून लावावा, आणि त्यात ‘मुलांना पाठवा’ असे न लिहिता ‘आयांनी यावे’ असे स्पष्ट लिहावे, अशी माझी विनंती आहे. वर्षभराने किती स्त्रिया आल्या याची नोंद पाहून पुढील निर्णय घ्यावा. तिकीट काढून येणाऱ्यांत मी असेन, माझ्या सासूबाई असतील, आणि गोरखचिंचेखाली भेटलेल्या त्या मैत्रिणींना निरोप पोहोचविण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.



आपली नम्र,
मुलुंडची एक रहिवासी